माय मला ‘तुमी’ म्हणाली

मायनं घोंगडी अंथरली. सरांनी तिच्यावर पेपर टाकला, मग बसले.

घोंगडी नवी होती, आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीची. पाहुणा आल्याबिगर माय ती काढत नाही. सर म्हणाले, “वास येतो गं.” मला म्हणाले, मायला नाही. मी मान हलवली. असल्याच घोंगडीत लहानाची मोठी झालेली मी, आणि मी मान हलवली.

सर राज्यशास्त्राचे प्राध्यापक, शहरातले. निवडणुकीत मतं कशी विकली जातात, त्यातून कारभार कसा सडतो, हे त्यांचं संशोधन. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करते. माझे वडील मास्तर आहेत असं त्यांना सांगून ठेवलं होतं. कशाला? लाज वाटायची, दुसरं काय. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडतो हे त्यांच्या एसी खोलीत बोलायला जीभ रेटत नव्हती.

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं. तिथं जायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण गाडी एका पुढाऱ्याची, ड्रायव्हर त्याचाच. तो नेईल त्या दारात आम्ही प्रश्न विचारायचे. त्या दिवशी त्यानं गाडी नेमकी आमच्या दारात लावली.

माय पळत आली. तोंडावर हसू मावत नव्हतं. ती काही बोलायच्या आत मी मोठ्यानं म्हणाले, “नमस्कार मावशी. सर्व्हेला आलोय आम्ही.”

मावशी. जन्म दिलेल्या मायला!

तिनं माझ्याकडं पाहिलं. सरांकडं पाहिलं. पदर सारखा केला. म्हणाली, “या सर, बसा. बाई, तुमी बी बसा.”

‘कुठं उलथली होतीस गं इतके दिवस’ अशी सुरुवात करणारी माझी माय. मला तुमी म्हणाली. माझं खोटं तिनं क्षणात ओळखलं आणि सांभाळूनही घेतलं.

सरांनी विचारलं, “मत द्यायला काय मिळालं?”

“साडी भेटली. समद्या बायांला भेटली.”

“म्हणजे मत विकलंत.”

सर माझ्याकडं वळले. “लिही. विकलं. एका साडीत विकली जातात ही माणसं.”

मी लिहिलं. माझ्या हातानं, तिच्यासमोर.

निघताना मायनं शेळीच्या दुधाचा चहा आणला. सरांनी लांबूनच हात जोडले. “तुमी तरी घ्या की, बाई,” माय म्हणाली. मी नको म्हणाले.

दुपारचं जेवण त्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर. आमचा मुक्कामही तिथंच. मटण, भाकरी, गार पाणी. सर खुशीत येऊन म्हणाले, “तुमच्या साडीचा किस्सा ऐकून आलो आज.” पुढारी हसला. “बायांची हौस वो सर, दुसरं काय.” मग माझ्याकडं बघत राहिला. “तू त्या मेंढरवाल्याची पोरगी न्हाईस का? आज मायच्याच घरी जाऊन आली की. जेवून न्हाई आलीस?”

सगळे हसायले. सर आधी चपापले. मग त्यांचे डोळे चमकले. “अगं, मग सांगायचं ना! आई आहे तर तुझ्याशी मोकळं बोलेल. उद्या एकटी जा. अजून काढून घे तिच्याकडून.”

काढून घे. मेंढराची लोकर काढावी तसं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “सर, मायनं साडी घेतली ती लाच. मग आपण हे जेवायलोय ते काय?”

“हा पाहुणचार आहे. तुला फरक कळत नाही?”

“न्हाई कळत.”

सरांपुढं पहिल्यांदा तोंडातून ‘न्हाई’ निघालं. घरच्या बोलीतलं ‘न्हाई’. ताट सारलं आन उठले. मागून सरांचा आवाज आला, “पीएच.डी. करायची आहे ना?”

चालत घर गाठलं. धाडस बिडस काही न्हाई त्यात. पुढाऱ्यानं मला उघडं पाडलं नसतं तर तो रस्सा मी मुकाट ओरपला असता. मला माहीत हाय. तेच टोचायलंय.

माय शेळ्यांना पाला टाकायली होती. मला बघून उठली. “या,” म्हणाली. “काय इचारायचं राहिलं का?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, पाय धरावेत. पण पाय धरले असते तर तिनं लगेच माफ केलं असतं, माय हाय ती. आन मी सुटले असते. इतक्या स्वस्तात मला सुटायचं न्हाई.

संशोधन मी सोडणार न्हाई. निवडणुकीवरच लिहिणार. सुरुवात त्या बंगल्यातल्या ताटापासून. आमाला गाडी कोणाची, मुक्काम कोणाकडं, प्रश्न विचारायला दार कोणी निवडलं, समदं येणार. सरांची सही मिळो न मिळो. आन पहिल्या पानावर हे येणार, की ही बाई माझी माय हाय आन तिला मावशी म्हणणारी ती मी.

माय अजून मला तुमीच म्हणायलीय. म्हणू दे. तिनं परत अगं म्हणलं तरी मी ते पान फाडणार न्हाई.