देवाचा दिवस

सोलापुरात आमच्या मिशनच्या शाळेत मास्तर शास्त्र शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये बायबल वाचून दाखवत. पृथ्वी सहा दिवसांत झाली की लाखो वर्षांत, असं कुणी विचारलं, की बोटांवरचा खडू झटकत हसून म्हणायचे, "देवाचा एक दिवस म्हणजे आपली लाखो वर्षं की हो! भांडण हायच कुटं?" मला ते उत्तर फार सोपं वाटे.

उन्हाळ्यात त्यांची धाकटी मुलगी तापानं गेली. कबरीत सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. ते मात्र मूठ आवळून उभेच राहिले. पाद्रीसाहेब जवळ येऊन म्हणाले, "मास्तर, थोड्याच दिवसांत तिची भेट होईल."

त्यांनी मान वर केली.

"कुणाच्या दिवसांत, साहेब? आपल्या की देवाच्या?"