‘आय’ नावाची डिरेक्टरी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते.

नव्वदच्या दशकात मी पेणला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. माऊस नव्हता; काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. ‘डीआयआर’ टाइप केलं की आत काय काय आहे ते दिसायचं, ‘सीडी’ टाइप केलं की एका डिरेक्टरीतून, म्हणजे कप्प्यातून, दुसरीत जाता यायचं. काही पुसण्याआधी आपण कुठल्या डिरेक्टरीत आहोत ते बघा, असं मी रोज बजावायचे. तोऱ्यात बजावायचे.

सुनंदा वडखळच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातून यायची. घरचे सगळे मिठागरात. तिची आई लग्नाघरी धवले गायची. हळदीचे, मांडवाचे, सगळे तोंडपाठ; लिहिलेलं कुठेच नाही. सुनंदाने ‘आय’ नावाची, म्हणजे आईची, डिरेक्टरी केली आणि सराव म्हणून ती गाणी इंग्रजी अक्षरांत उतरवायला घेतली. रात्री आईकडून ऐकायची, सकाळी येऊन टाइप करायची. बोटं अडखळत, पण ओठांवर चाल चालूच. किती गोड दिसायची तेव्हा!

मग तिची आई गेली. अचानक. सुनंदा काही दिवस आली नाही.

आणि त्याच दिवसांत — कसं सांगू? नव्या बॅचसाठी मशीनवर जागा करायची होती. मी घाईत सगळं पुसायचा हुकूम दिला. मशीनने विचारलं, नक्की ना? मी ‘वाय’ दाबलं. नंतर वर नजर गेली. मी ‘आय’मध्ये होते.

तेव्हाच थांबले असते, कुणा जाणत्याला बोलावलं असतं, तर काही परत मिळालं असतं का? कदाचित. मी मात्र डिस्कवर मोकळ्या झालेल्या त्या जागेत नव्या बॅचचं सामान भरलं, म्हणजे उरलंसुरलंही मिटलं. का? कुणाला कळू नये म्हणून. दुसरं काय?

सुनंदा आली ती सरळ मशीनपाशी बसली. सीडी, मग डीआयआर. पडदा रिकामा. तिने पुन्हा टाइप केलं. पुन्हा.

“मॅडम, आयची गानी दिसत नाय.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला — हो, हातसुद्धा ठेवला — आणि म्हटलं, “मागच्या वेळी तूच चुकून पुसली असशील गं.”

ती हळूच म्हणाली, “व्हय. मीच केलं असंल कायतरी.”

तिने क्लास सोडला.

लग्नानंतर मी रोह्याजवळ वरसेला आले. एकदा रोह्याच्या बाजारात सुनंदा समोर आली, लेकीला घेऊन. मला बिलगलीच. लेकीला म्हणाली, “ह्या माझ्या मॅडम गो. मी तुझ्या आजीची सगली गानी पुसली, तरी एका शब्दानं रागावल्या नाय.”

मी त्या पोरीच्या गालावरून हात फिरवला. चहाला या म्हटलं. रिक्षा धरून घरी आले.

गाणी तिने पुसली नव्हती. मी पुसली.