कारंज्याचं टोपडं

२००४ च्या जूनमध्ये आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला आले, तेव्हा वाटेत दोन दिवस म्युनिकला थांबले होते. तिथल्या एका चौकात कारंज्याच्या कठड्यावर लोक पाण्यात पाय सोडून आइस्क्रीम खात बसले होते म्हणे. बाबाही बसले. मग इथे रोज संध्याकाळी बागेतल्या टोमॅटोंना नळीने पाणी घालताना त्यांचं तेच कौतुक. मी वैतागायचो. शिकागोचा एवढा समुद्रासारखा तलाव दाखवला, त्याचं नाव नाही!

डिसेंबरात परतताना त्यांनी हट्टाने पुन्हा म्युनिकलाच मुक्काम करायला लावला. पोचल्या पोचल्या बाबांचा फोन आला.

"तू आम्हाला भलत्याच गावात उतरवलंस."

चौकात नाताळचा बाजार भरला होता, वाफाळते कप घेऊन माणसं उभी होती. आई खूश होती. पण कारंज्याला चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि बाबा त्यावर चिडले होते.

"अहो बाबा, थंडीत पाणी गोठून कारंजं फुटेल. आपल्या बागेतल्या नळाला मी टोपडं नाही का घातलं?"

"मग उन्हाळ्यात काढतील ना?" त्यांचा आवाज एकदम उतरला.

ते पुन्हा कधी आले नाहीत. पण दर मे महिन्यात नळाचं टोपडं काढलं की मी पुण्याला फोन करायचो. "म्हणजे तिकडे कारंजंही उघडलं असणार," बाबा म्हणायचे.

२००८ च्या मार्चमध्ये बाबा गेले. त्या वर्षी जुलै संपत आला, तरी नळावरचं टोपडं मी काढलं नव्हतं.