सतरंजीखालचं ऑइल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, दारूच्या नशेतसुद्धा नाही. तुम्हाला सांगताना आवाज चढला तर चढू दे. राग तुमच्यावर नाही.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आमचं दुचाकींचं गॅरेज आहे, माझं आणि दादाचं. गल्लीत आमच्या फरशीचं फार कौतुक. समोरचे कापडवाले शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, इधर नीचे बैठ के खाना खाओ. लोक हसतात, मीही हसतो. आणि आतून असा संताप येतो, की हातातला पाना त्याच फरशीवर आपटावा. कौतुक? माझ्या फरशीचं?

ऑइल सांडलं की पुसायचं नसतं. पुसलं की ते पसरतं — नुसतं दिसेनासं होतं, जात नाही. त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा, पायाने रगडायचा, ऑइल पिऊ द्यायचं. मग झाडायचं, परत भुसा, शेवटी साबणाची पावडर आणि ब्रश. वेळ लागतो. नवीन आलेल्या प्रत्येक कारागिराला मी हे असं शिकवतो, जणू मोठा साधुपुरुषच. आणि कुणी नुसतं फडकं मारलं तर त्याच्या अंगावर धावून जातो. कुणावर ओरडतो मी तेव्हा? मला चांगलं माहीत आहे.

बरीच वर्षं झाली. खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, कुंकू लावतात, आणि एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वहिनीने — दादाच्या बायकोने — सकाळीच बदलापूरहून येऊन सगळं गॅरेज धुतलं, पुसलं. पाने, पक्कड ओळीने मांडले. मग ती आणि आई शेजारच्यांच्या घरात हार करायला बसल्या. दादा स्टेशनवर गेला, आमचे बाबा वांगणीहून शेतातली झेंडूची फुलं घेऊन येणार होते म्हणून.

मी एकटाच उरलो. आणि मला काय सुचावं? माझ्या बाइकचं ऑइल बदलायचं होतं. दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर मिरवायला जायचं होतं ना! पाटावरचा पाना उचलला, त्याचं कुंकू पँटला पुसलं. जळकं ऑइल घमेल्यात काढलं — आणि वळताना घमेल्याला पाय लागला.

भुशाचं पोतं आवराआवरीत माळ्यावर गेलेलं. शिडी लावायची, पोतं उतरवायचं, एवढंच तर काम होतं. मी फडकं मारलं. डाग राहिला, म्हणून त्यावर सतरंजी अंथरली. पाना जागेवर ठेवला, त्याला परत कुंकू लावलं. कुंकूसुद्धा लावलं हो मी!

बाबा आले. दोन्ही हातांत फुलांच्या पिशव्या. सतरंजीवर पाय ठेवला आणि सतरंजी पायाखालून निघाली. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा तो आवाज मी तुम्हाला सांगणार नाही.

त्या धावपळीत फरशीकडे कुणी पाहिलं नाही; सगळे त्यांना उचलून रिक्षाने दवाखान्यात गेले. मी म्हणालो, शटर ओढून येतो. ओढलं — आतून. मग शिडी लावली. पोतं उतरवलं. भुसा टाकला, रगडला, झाडला, परत टाकला, ब्रश मारला. सतरंजी गुंडाळून मागच्या नाल्यात फेकली. माझा बाप तिकडे विव्हळत होता आणि मी जन्मात केली नसेल इतकी चांगली फरशी साफ करत होतो. या फरशीचं कौतुक करतात लोक.

दवाखान्यात आई वहिनीवर तुटून पडली होती. ओली फरशी ठेवली, अक्कल नाही, माझ्या माणसाला पाडलं. वहिनी सांगत होती की फरशी कधीच सुकली होती. कोण ऐकतंय? दादाही खाली मान घालून उभा. मग ती माझ्याकडे वळली.

"भावजी, तुम्ही तर तिथेच होतात. कोरडी होती ना फरशी?"

"मी बघितलं नाही, वहिनी."

एवढंच म्हणालो.

बाबा त्यानंतर शेताच्या बांधावर गेले नाहीत. काठी धरून दारापर्यंत, बस. त्यांना बदलापूरला, कात्रपच्या दादाच्या फ्लॅटवर आणलं आणि त्यांचं सगळं वहिनीने केलं — आंघोळ, कपडे, रात्रीचं उठवणं-बसवणं, शेवटपर्यंत. नातेवाईक म्हणायचे, करेल नाही तर काय, पाडलं तिनेच. माझ्यासमोर म्हणायचे, चहा पिता पिता! आणि मी? मी साखर कमी आहे का ते विचारायचो. चीड येते मला त्या लोकांची. पण त्यांना निदान माहीत नव्हतं.

बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात वहिनी त्यांच्या पाया पडून म्हणाली, माझ्या हातून झालं, माफ करा. मी दारात उभा होतो. औषधं घेऊन आलो होतो. ती टेबलावर ठेवली आणि निघून आलो.

अजून दर खंडेनवमीला ती येते. पण गॅरेजात पाय ठेवत नाही. आरतीचं ताट घेऊन बाहेर फुटपाथवर उभी राहते आणि मला विचारते, भावजी, फरशी कोरडी आहे ना, पोरं आत आहेत. मी म्हणतो, कोरडी आहे.

यंदाही तेच म्हणालो. तुम्हाला हे सगळं सांगितलं. तिला नाही.