गुलाबभाऊंची मोजणी

गुलाबभाऊ एक, दोन, तीन असं कधी मोजतच नसत. त्यांची मोजणी 'लाभ'पासून सुरू होई. बाभुळगावच्या बाजारात ते शेतमाल मोजून देणारे मापारी होते, आणि मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. यात आमच्याकडे कुणाला नवल नव्हतं. पण पन्नाशीचा मापारी पँट दुमडून पोरापोरींबरोबर फ्रिस्बी खेळतो आणि तिथेही 'लाभ, दोन, तीन' करतो, हे बघायला लोक सायकली थांबवत.

मी शाळेत होते त्या वर्षांत कापसाचे भाव पार पडले होते आणि बाजाराचं आवार दुपारनंतर ओस असे. गावात शिबिराला आलेली शहरातली मुलं जाताना फ्रिस्बीच्या दोन तबकड्या ठेवून गेली होती. खेळ सोपा. तबकडी हातात असताना पळायचं नाही, साथीदाराकडे फेकायची; पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात झेलली की गुण. समोर अडवणाऱ्याने सेकंदाला एक अशा चालीने मोठ्यांदा दहा मोजायचे. दहा म्हणेपर्यंत ती हातातून सुटली नाही, तर समोरच्या संघाची. आणि पंच नाही! चूक आपली आपणच कबूल करायची. यावर गुलाबभाऊ बेहद्द खूश. म्हणायचे, "पंच कायले पायजे? मापारीच खोटा असन, तर काट्यापाशी पोलीस उभा करूनबी काय फायदा?"

लाभ नियमात बसत नाही, असं कुणीतरी सांगितलं. ते म्हणाले, "बरं, एक म्हणतो. मनात लाभच म्हणन."

त्यांच्या सात आणि आठच्या मधे चहा पिऊन यावा, असं आम्ही चिडवायचो. माझा तर जीव वरखाली होई. ते मला म्हणत, "घाई कायले करतं वो पोरी? तुयाजवळ दहा हायेत, तिच्याजवळबी दहाच हायेत."

बारावीच्या वर्षी यवतमाळच्या संघाशी सामना ठरला. राज्याच्या शिबिरासाठी निवड करणारे येणार होते. बाबांनी आधीच बजावलं होतं, "निवड झाली तं खेळ. नाई तं हे उड्या मारणं बंद."

बरोबरी झाली. शेवटचा गुण. त्यांच्या एका किडकिडीत मुलीच्या हातात तबकडी, आणि तिला अडवायला मी. सहापर्यंत नीट मोजलं. पुढचे चार आकडे मी एका श्वासात गिळले. "दहा!" तिने बिचारीने तबकडी खाली ठेवली. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता. आमच्या मुलांनी एकच गलका केला.

गुलाबभाऊ त्या वेळी रेषेबाहेर होते. बाहेरच्याने निर्णय द्यायचा नसतो. ते एवढंच म्हणाले, "शालू, मोजणी तुयी होती. बरोबर झाली का?"

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. मग त्या मुलीकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "मी घाईने मोजलं."

तबकडी तिला परत मिळाली. दोन फेकींत त्यांनी गुण केला. आम्ही हरलो आणि निवडीत माझं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबभाऊ आमच्या दारात हजर. बाबांना सगळं सांगितलं, माझी लबाडीसुद्धा. मी आतून ऐकत मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. शेवटी ते म्हणाले, "पोरीनं खोटं मोजलं, मंग सोतानंच खरं सांगतलं. आता खेळ बंद करून तिले शिक्षा देता, ते खोट्याची का खऱ्याची?"

बाबांनी आईला चहा टाकायला सांगितलं.

राज्याच्या संघात मी कधीच पोचले नाही. तरी पुढे चार वर्षं मनसोक्त खेळले, ते गुलाबभाऊंमुळे. ते असेतो हे त्यांना कधी सांगितलं नाही, म्हणून आज लिहिते आहे. गुलाबभाऊ घरी येऊन गेले त्या संध्याकाळी मी खेळायला न जाता मुद्दाम भांडी घासत बसले होते. बाबा मागच्या दारात आले आणि म्हणाले, "ठेव ते. जाय, तिथं तुयी वाट पाहून राह्यले असतीन."