पाहुण्याचं अर्धं बोलणं

सरकी काढून रुई करणाऱ्या शिंदखेड्याजवळच्या जिनिंगमध्ये मी कापसाची प्रत बघायचो. एका हिवाळ्यात बांगलादेशातल्या सूतगिरणीचा खरेदीदार आमच्याकडे आला. शेडमध्ये तंतू तरंगत होते. त्या पांढुरक्या धुक्यात रुईचा पुंजका बोटांनी हळूहळू ताणत तो डोळे मिटून उभा होता, जणू दूरचं काही ऐकत होता.

चहा घेताना आमचे मालक, आबा, खुशीत म्हणाले, “आपला देश मोठा शे. त्यासना कपडावरनी बठ्ठी जकात आपण माफ करी. सांग त्यासले.”

सगळी जकात माफ केल्याचं मी हिंदीत सांगितलं. पाहुणा हसला. बंगाली वळणाच्या भरभर हिंदीत म्हणाला, “दार उघडलंत, आभारी आहोत. पण कडी तुमच्याच बाजूला आहे. ती कधी लागेल, हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळतं.”

“काय म्हणस तो?” आबांनी विचारलं.

“आभार मानतोय,” मी म्हणालो. बाकीचं मला सांगवलं नाही.

पुढे दोन्ही सरकारांचं बिनसलं. त्यांचा कपडा आपल्या सीमेवर अडला, मग त्यांच्याकडून रुईची मागणीही आटली. आवारात गाठींच्या थप्प्या उन्हात झोपल्यासारख्या पडून राहिल्या. एका दुपारी आबा त्यांच्यामधून फिरत होते, तेव्हा मी पाहुण्याचं उरलेलं बोलणं त्यांना सांगून टाकलं.

आबा एका गाठीवर हात ठेवून थांबले. “तवयच सांगाले पाहिजे व्हतं,” एवढंच म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडून पाहुण्याचा नंबर घेतला आणि मोडक्या हिंदीत फोनवर विचारलं, “भाई, घर में सब अच्छे है ना?”