मऊ पडलेली पाकिटं

ताई, हिंगोलीच्या स्टँडवर गाडी हलली तेव्हा तू खिडकी धरून चालत होतीस. "लेकीचं दूध तोडू नको गं," एवढंच म्हणालीस. मांडीवर आर्या, शेजारी आई. माझी रजा संपली होती, आर्याचा बाबा सचिन कामानिमित्त नागपूरला, म्हणून आईने पहिल्यांदाच मुंबईला यायचं कबूल केलं होतं.

मरोळला आल्यावर मी ऑफिसच्या स्टोअररूममध्ये, कडी नसलेलं दार पायाने दाबून धरून पंपाने दूध काढायचे. घरी आणून, छोट्या पाकिटांत भरून, तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे. आईला पटेना. "म्हशीचंसुद्धा आपण तापवून ठेवतो, आन् हे गोठवायचं?" मी शिकवलं: जुनं पाकीट आधी, रात्रभर खाली फ्रीजमध्ये, मग कोमट पाण्यात. गॅसवर कधीच नाही. बाटलीत उरलेलं ओतून द्यायचं. ओतताना ती तोंड फिरवायची. मला तर ऑफिसात चैनच पडायची नाही.

एका दुपारी तिचा फोन आला. "सकाळपासून लाइट नाही. पाकिटं मऊ पडायलीत."

"आत बर्फ आहे का?"

"हाय थोडा थोडा."

"मग वाचतील, पण लगेच चालू फ्रीझर पाहिजे. निघतेच मी."

रिक्षा सिग्नलला अडकली. आई फोन उचलेना. घराला कुलूप! मी धावत खाली आले. वॉचमन म्हणाला, "मावशी बाळाला घेऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये गेल्या ना."

तिथे दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आर्या आईच्या मांडीवर बाटली चोखत होती. पूर्ण वितळलेलं तेवढं पाकीट आईने बाटलीत ओतून तिला दिलं होतं. बाकीची तिथल्या चालू फ्रीझरमध्ये.

"तुमच्या आईने बेल मारली नि सरळ म्हणाली, लेकराचं दूध हाय, जागा द्या," त्या घरची फिलोमिना हसत होती. "मी पापलेटं बाहेर काढली. आता जेवूनच जा!"

कोथिंबीर आणायलाही एकटी खाली न उतरणारी आपली आई गं!

"मग काय करू?" ती माझ्यावरच डाफरली. "तुझं दूध ओतून देऊ?"

आता आर्या वरणभात खाते, आई परत तुमच्याकडे आहे. फोनवर आधी फिलोमिनाची चौकशी करते. मी हिंगोलीला आले की दोन दिवसांत मरोळची ओढ लागते. इथे असले की तिकडचा फोन वाजताच हातातलं टाकून धावते.

परवा बॅग भरताना मी म्हणाले, "चल, घरी जायचंय."

आर्याने विचारलं, "कुठल्या?"